गाजर गवत : एका आगंतुक तणाचा प्रसार

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्या की बंगळूर शहराच्या सीमेवर आखून ठेवलेल्या, परंतु ज्यांवर अद्याप घरे उठलेली नाहीत अशा भूखंडांचा रंग पालटू लागतो. तांबड्या मातीवर प्रथम जमिनीला चिकटून पसरलेल्या, गाजराच्या पाल्याप्रमाणे कातरलेल्या पानांच्या हिरव्या चकत्या दिसू लागतात. चार-सहा आठवड्यांत प्रत्येक चकतीच्या मध्यातून एक ताठ, लवयुक्त दांडा वर येतो, त्याला फांद्या फुटतात, आणि पाहता पाहता कमरेइतक्या, कधी कधी माणसाच्या उंचीच्या झुडपांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके डोलू लागतात. दुरून पाहणाऱ्यास हे दृश्य रम्य वाटण्याचा संभव आहे. जवळ जाणाऱ्यास मात्र एक गोष्ट ताबडतोब जाणवते : या पांढऱ्या गर्दीत दुसरी वनस्पती जवळजवळ नसतेच.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे आहे. महाराष्ट्रात तिला गाजर गवत, काँग्रेस गवत किंवा चटक चांदणी म्हणतात. कर्नाटकातही ती काँग्रेसच्याच नावाने ओळखली जाते. पांढऱ्या टोप्यांच्या समुदायाशी असलेल्या साम्यामुळे हे नाव पडले असे काही लोक सांगतात, तर ज्या अमेरिकन काँग्रेसने भारताला गहू पाठविण्यास संमती दिली तिच्यावरून ते आले असे इतर काही मानतात. नावातील 'गवत' हा शब्द मात्र दोन्ही पक्षांनी विनातक्रार स्वीकारलेला आहे, आणि तोच खरा दिशाभूल करणारा आहे.

कारण ही वनस्पती गवत नव्हे. ज्वारी, ऊस, बांबू, हरळी या सर्वांचा समावेश तृणकुलात होतो. त्यांची पाने लांबट असून शिरा समांतर असतात. गाजर गवत हे सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुलातले आहे. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रज्ञांच्या सोयीचा आहे असे समजू नये. खऱ्या गवताची पाती बुडापासून वाढते. म्हणून जनावराने ती खुडली तरी गवत पुन्हा वाढते, आणि गुरांचे व गवताचे हे नाते हजारो वर्षे चालत आलेले आहे. गाजर गवताला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. ती त्याच्या आजूबाजूचे खरे गवत खातात आणि जी जागा मोकळी होते तीत गाजर गवत पसरते. म्हणजे जितकी चराई अधिक तितका या तणाचा लाभ अधिक. सूर्यफुलाशी असलेले त्याचे नातेही पुढे एका वादाच्या मुळाशी कसे आले, हे यथावकाश दिसून येईल.

या वनस्पतीचे मूळ स्थान उष्णकटिबंधीय अमेरिकेत, विशेषतः मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशात आहे. भारतात ती नेमकी केव्हा आली याविषयी एक लोकप्रिय समजूत आहे : पी. एल. ४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन कायद्यानुसार जो गहू आला त्यातून तिचे बी आले. या समजुतीत तथ्यांश असू शकेल, परंतु तारखा तिला पूर्णपणे साथ देत नाहीत. त्या कायद्याखालील भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुण्यातील उकिरड्यांवर ही झाडे त्यापूर्वीच दिसली होती, आणि आर. एस. राव यांनी १९५६ सालीच 'बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी'च्या नियतकालिकात भारतातील नवी वनस्पती म्हणून तिची नोंद केली. अर्थात अमेरिकेचा गहू १९५१ सालच्या वेगळ्या अन्नसाहाय्यातूनही आलेला होता, हे विसरता येत नाही. पण त्याहून चकित करणारी गोष्ट अशी की, विल्यम रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांची जी यादी तयार केली, आणि जी १८१४ साली प्रसिद्ध झाली, तीत याच वनस्पतीचे नाव आढळते. तेव्हा हा पाहुणा दीडशे वर्षांपूर्वी एकदा येऊन गेला होता. परंतु त्या वेळी त्याने पाय पसरले नाहीत. पुण्याच्या उकिरड्यावरून मात्र तो उठला तो थेट देशभर पोहोचला.

हा प्रसार वाऱ्याने झाला त्यापेक्षा माणसाने अधिक केला. ट्रकच्या चाकांना लागलेला चिखल, नदीकाठाहून बांधकामासाठी आणलेली वाळू, बागेसाठी विकत घेतलेली माती, कडब्याच्या पेंढ्या, पिकाच्या बियाण्यातील भेसळ, ही त्याची वाहने होत. ऑस्ट्रेलियातील उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील क्वीन्सलंड राज्यात हे तण दोनदा शिरले : एकदा दुसऱ्या महायुद्धातील विमाने व यंत्रसामग्री यांच्याबरोबर, आणि दुसऱ्यांदा टेक्सासहून कुरणांसाठी मागविलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून. गवत नसलेले हे गवत तेथे खऱ्या गवताच्याच पोत्यातून उतरले.

बंगळूरमध्ये या वनस्पतीला जे मिळाले ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात मिळाले असेल. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात ना कडाक्याची थंडी ना होरपळून काढणारा उन्हाळा. मे महिन्यातील वळवाच्या पावसापासून ऑक्टोबरअखेर, काही वर्षी नोव्हेंबरपर्यंत, येथे पाऊस पडत राहतो. गाजर गवताला उगवण्यासाठी ठरावीक ऋतू लागत नाही, दिवसाच्या लांबीचेही त्याला बंधन नाही. ओल असली म्हणजे पुरे. त्यातच स्वातंत्र्यानंतर हे शहर सतत वाढत गेले. शेते बिनशेती झाली, ती आखून विकली गेली आणि खरेदी केलेले भूखंड वर्षानुवर्षे मोकळे राहिले. तळी बुजविली गेली, रेल्वेमार्ग व रस्ते यांच्या कडेची जमीन पुन्हा पुन्हा उकरली गेली. हे तण घनदाट रानात शिरत नाही, बारमाही गवताने नीट झाकलेल्या जमिनीतही त्याला सहसा थारा मिळत नाही. ज्या जमिनीची त्वचा माणसाने सोलून काढली आहे ती जमीन त्याला हवी असते, आणि वाढत्या शहराने तिचा कधीही तुटवडा पडू दिला नाही.

त्याचे फूल म्हणून जे आपण पाहतो तो वस्तुतः अनेक पुष्पकांचा एक स्तबक असतो. त्याचा व्यास जेमतेम ४ मिलिमीटर. या स्तबकाच्या कडेला पाच किरणपुष्पके असतात व त्या प्रत्येकापासून एकच बी तयार होते. एका स्तबकात पाच बिया ही संख्या नगण्य वाटेल. परंतु एका चांगल्या वाढलेल्या झाडावर असे तीन हजार स्तबक असणे अशक्य नाही, आणि पाच गुणिले तीन हजार म्हणजे पंधरा हजार. प्रत्येक बीला वांझ पुष्पकांचे दोन हलके अवशेष चिकटलेले असतात, त्यांमुळे ते पाण्यावर तरंगते व वाऱ्याने थोडेफार उडतेही. मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून एका पावसाळ्यात एखादा भूखंड अगदी स्वच्छ केला तरी पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा पांढरा होतो, आणि साफसफाई करणाऱ्यांना आपण काहीच केले नव्हते असे वाटू लागते.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. या झाडांच्या सान्निध्यात इतर वनस्पती का वाढत नाहीत? याचे एक उत्तर बंगळूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सापडले. एस. डी. कांचन आणि जयचंद्र या संशोधकांनी १९८० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे दाखविले की, गाजर गवताच्या मुळांतून, पानांतून आणि कुजणाऱ्या अवशेषांतून मातीत अशी द्रव्ये मिसळतात की ज्यांमुळे शेजारच्या रोपांचे अंकुरण व वाढ खुंटते. या द्रव्यांत पार्थेनिन हे प्रमुख होय. त्याच्या जोडीला काही फिनॉलिक आम्लेही असतात. याच संशोधकांचा दुसरा निष्कर्ष तर अधिकच अनपेक्षित होता. गाजर गवताचे परागकण पुंजक्यांनी उडतात व शेजारच्या पिकांच्या फुलांतील कुक्षींवर जाऊन बसतात. तेथे त्यांचा फलधारणेस काही उपयोग नसतो हे उघड आहे. परंतु ते केवळ निरुपयोगी न राहता त्या फुलाची स्वतःची फलधारणाही रोखून धरतात. शेजाऱ्याची जागा, पाणी व खत बळकाविणारी तणे शेतकऱ्याला परिचित होती. हवेतून येऊन शेजाऱ्याचे फळ रोखणारे तण ही नवी गोष्ट होती.

जनावरे हे तण टाळतात ते उगाच नव्हे. चाऱ्याच्या टंचाईत ती ते थोडेफार खातात तेव्हा दुधाला कडवट चव येते. १९७० नंतरच्या दशकात गुरे व म्हशी यांना ते मुद्दाम खाऊ घालून प्रयोग करण्यात आले. त्यांत जनावरांच्या कातडीवर व तोंडात व्रण उठले आणि अधिक मात्रा दिलेली काही जनावरे दगावली.

माणसाच्या वाट्याला आलेला त्रास अधिक चिवट आहे. झाडाच्या अंगावरील सूक्ष्म लवेत पार्थेनिन साठलेले असते. झाड वाळले की ही लव धुळीबरोबर हवेत मिसळते आणि चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या खोबणी अशा उघड्या भागांवर बसते. बहुतेकांना पहिल्या स्पर्शाने काहीही होत नाही. अनेक महिने, कधी अनेक वर्षे संपर्क घडल्यानंतर एखाद्या व्यक्तीचे शरीर अकस्मात त्या द्रव्याला विरोध करू लागते. आणि एकदा ही संवेदनशीलता निर्माण झाली की ती सहसा जात नाही. कातडी लाल होते, खाजते, भेगाळते, कालांतराने जाड व काळपट पडते. ऊन लागले की त्रास वाढतो. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० नंतरच्या काही वर्षांतच अशा रुग्णांची नोंद केली होती. शेतमजूर, माळी, रस्ते साफ करणारे कामगार यांना हा रोग अधिक गाठतो आणि त्यांना दिला जाणारा मुख्य सल्ला असा असतो की, झाडापासून दूर राहावे. ज्याची रोजी त्याच झाडांत आहे त्याने हा सल्ला कसा पाळावा, हे वैद्यकशास्त्र सांगू शकत नाही. परागकणांचा त्रास वेगळा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्रज्ञांनी डॉक्टरांच्या सहकार्याने केलेल्या व १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शहरातील शंभरातील सुमारे सात व्यक्तींना या परागांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचे दिसून आले. शिंका व वाहणारे नाक ही तेथे 'बंगळूरची हवा' म्हणून सोसली जात असत. त्या हवेत काय होते ते या पाहणीने दाखवून दिले.

कर्नाटक सरकारने १९७५ साली कृषी कीड व रोग विषयक कायद्याखाली गाजर गवत हे उपद्रवी तण म्हणून जाहीर केले. जमिनीच्या मालकाने ते काढून टाकावे असा याचा आशय. पण जो मालक दुसऱ्या गावी राहतो व ज्याने भूखंड केवळ किंमत वाढेल म्हणून घेऊन ठेवला आहे, त्याच्याकडून हे काम करवून घेणे कोणत्याही कायद्याला अवघडच. हाताने उपटणे हा उपाय साधा आहे व तो फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून केला तर उपयोगी पडतो. फुलावर आलेली झाडे उपटणारा मनुष्य बिया झाडण्याचेच काम करतो. मिठाच्या तीव्र द्रावणाची फवारणी पडीक जागी चालते, शेतात नाही. रासायनिक तणनाशके प्रभावी असली तरी मैलोगणती रस्त्यांच्या कडा व ओसाड जागा दरवर्षी फवारीत बसणे कोणालाही परवडणारे नाही.

याच ठिकाणी दुसरा विचार पुढे आला. मेक्सिकोत हीच वनस्पती आहे. तेथेही ती तणच आहे, पण तेथे ती असा हाहाकार माजवीत नाही, कारण तिला खाणारे अनेक कीटक तेथे तिच्याबरोबरच उत्क्रांत झालेले आहेत. भारतात वनस्पती आली, तिचे शत्रू मात्र मागे राहिले. मग त्यांपैकी एखाद्यास येथे का आणू नये? दक्षिण भारताला या युक्तीचा जुना अनुभव होता. शेतांत व माळांवर माजलेला निवडुंग, १९२६ साली श्रीलंकेतून आणलेल्या एका कोचिनियल किड्याने काही वर्षांतच आटोक्यात आणला होता. शिवाय बंगळूर हे १९५७ पासून राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्राचे ठिकाण होते. परदेशी कीटक बंदिस्त ठेवून त्यांची परीक्षा घेण्याचे कसब तेथे होते.

या परीक्षेला फार महत्त्व असते. परका कीटक एकदा मोकळा सोडला की त्याला परत बोलाविता येत नाही. म्हणून प्रथम तो उपाशी ठेवून त्याच्यापुढे पिकांची पाने ठेवावयाची, तो ती खातो काय, त्यांवर अंडी घालतो काय, अळ्या त्यांवर वाढतात काय हे पाहावयाचे, आणि उत्तर नकारार्थी आले तरच पुढे जावयाचे. एपिब्लेमा स्ट्रेनुआना नावाच्या पतंगाची हकीगत येथे सांगण्यासारखी आहे. याच्या अळ्या गाजर गवताचे दांडे पोखरून त्यांवर गाठी निर्माण करतात. ऑस्ट्रेलियात १९८२ साली तो सोडण्यात आला व उपयुक्त ठरला. तो १९८५ साली बंगळूरला आणला गेला. परंतु परीक्षेत असे दिसले की कारळ्याच्या, म्हणजे खुरासणीच्या, झाडावरही त्याची वाढ होऊ शकते. ऑस्ट्रेलियाला कारळ्याची काळजी करण्याचे कारण नव्हते. कर्नाटक, महाराष्ट्र, ओडिशा येथील डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांचे तर ते तेलबियांचे पीक. प्रयोगशाळेतील सर्व पतंग नष्ट करण्यात आले. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात यशस्वी कीटकांची नावे राहतात. न सोडलेल्या कीटकांमुळे जे नुकसान टळले त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

झायगोग्रामा बायकलोराटा हा भुंगेरा मात्र परीक्षेस उतरला. तो १९८३ साली मेक्सिकोहून आणला गेला, आणि बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागायती संशोधन संस्थेत के. पी. जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. सुमारे ६ मिलिमीटर लांबीचा हा कीटक मळकट पांढऱ्या रंगाचा असून पाठीवर तपकिरी रेघा असतात. मादी पानांच्या खालच्या बाजूस अंडी घालते; अळ्या प्रथम शेंड्याचे कोंब व नंतर पाने खातात, मग मातीत शिरून कोशावस्थेत जातात. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे एका महिन्यात पुरा होतो. १९८४ साली हे भुंगेरे बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आले. ते तेथे रुजले, परंतु पहिली तीन वर्षे लोकांच्या नजरेत भरण्याजोगे काही घडले नाही. १९८८ च्या पावसाळ्यात मात्र त्यांची संख्या एकदम वाढली व शहराच्या अनेक भागांत गाजर गवताची झाडे पर्णहीन, फुलांवाचून उभी असलेली दिसू लागली.

समाधान फार काळ टिकले नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कर्नाटकातील काही शेतांत हेच भुंगेरे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले. सूर्यफूल हे गाजर गवताचे नातलग, हे वर आलेच आहे. शेतकऱ्यांत घबराट पसरली, वृत्तपत्रांत टीका झाली, केंद्र शासनाने चौकशी समिती नेमली आणि नव्या ठिकाणी भुंगेरे सोडणे काही वर्षे थांबले. प्रयोगशाळेत सूर्यफूल नाकारणारा कीटक शेतात ते का खातो, या कोड्याचे उत्तर जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दिले. ज्या सूर्यफुलांची पाने खाल्ली गेली होती त्यांवर लगतच्या गाजर गवताचे पराग उडून बसलेले होते. भुंगेऱ्याला परागांची चव ओळखीची. त्या चवीने फसून तो खालचे पानही कुरतडीत होता. प्रयोगशाळेतील पानांवर असे पराग नव्हते, म्हणून परीक्षेत ही गोष्ट कधी दिसलीच नाही. सूर्यफुलावर आपली वसाहत चालविणे या कीटकाला साधत नाही, आणि शेताच्या बांधावरील गाजर गवत वेळीच काढले तर हा प्रकार घडण्याचे कारण राहत नाही, असे दिसून आल्यावर विरोध ओसरला. तथापि शेतकऱ्यांची भीती अडाणीपणाची होती असे म्हणणे योग्य होणार नाही. त्यांनी डोळ्यांनी जे पाहिले ते खरेच होते. परीक्षेच्या पद्धतीतील एक उणीव त्यांच्या तक्रारीमुळेच उजेडात आली.

भुंगेऱ्यालाही मर्यादा आहेत. पावसाळा सरत आला की तो जमिनीत शिरून दीर्घ निद्रा घेतो व पुढील वर्षीच्या पावसाबरोबर बाहेर येतो. बंगळूरच्या हवेत गाजर गवताला असा अवकाश घ्यावा लागत नाही. ऑक्टोबरच्या ओलीवर उगवलेली झाडे हिवाळ्यात निर्धास्तपणे फुलतात व बी टाकतात. पाटाच्या पाण्याच्या शेतांत तर ती बाराही महिने वाढतात. ज्या प्रदेशांत पाऊस कमी किंवा उष्मा फार, तेथे भुंगेऱ्याचा जोरही कमी पडतो. आजही हे तण देशातील कोट्यवधी हेक्टर जमिनीवर पसरलेले आहे, आणि दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो तो या कारणाने. काही ठिकाणी टाकळ्याच्या जातीची एक वनस्पती, कॅशिया युनिफ्लोरा, गाजर गवताला हटविते असे आढळले आहे, बंगळूरमध्येही तसे प्रयोग झाले. परंतु तीदेखील अमेरिकेहूनच आलेली असल्याने एका पाहुण्याला घालविण्यासाठी दुसऱ्यास घरात घ्यावे काय, याविषयी तज्ज्ञांत दुमत आहे.

ज्या जागी भुंगेऱ्यांनी सलग काही वर्षे आपले काम केले तेथे पुढे काय झाले, याचेही निरीक्षण बंगळूरमध्ये करण्यात आले. गाजर गवताची दाटी विरळ होताच, पूर्वी दबून गेलेल्या अनेक वनस्पती तेथे परत उगवू लागल्या. त्यांत गुरांना चालणारी खरी गवतेही होती.